तारीख, वार, वेळ

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवले की आडत्याची पट्टी खिशात पडल्याशिवाय आपल्याकडचा शेतकरी घरी फिरत नाही. आमच्या येडगावात डेअरीला घातलेल्या दुधाचा फॅटसुद्धा घरोघरी वहीत टिपलेला सापडेल. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे सांगणारी आयत तर सगळ्या कुरआनात सर्वांत लांब आहे. आणि तरीही घरातला पोरगा रात्री पोलिसांनी नेला, तर किती वाजता नेला, कोणी नेला, गाडी कोणती होती, याचे एक अक्षर कुठे लिहिलेले नसते.

उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येते म्हणून ओळखीपाळखीचे अर्ज आमच्याकडेच येतात. मागे एक खाला आल्या. मुलाला मारहाण झाली, वर अर्ज करायचा होता. "खाला, कधी नेलं त्याला?" "मगरिबनंतर." "कोणत्या दिवशी?" "पाऊस होता बघा त्या दिवशी." मारहाण खरी होती, पोराची पाठ आम्ही पाहिली. पण पहिल्या ओळीतच अर्ज अडला.

मानवी हक्कांचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे, फलक आणि घोषणा येतात. जगभर हे काम करणाऱ्यांचा बहुतेक दिवस मात्र कारकुनीत जातो. कोण, कुठे, कधी, कोणासमोर, एवढेच ते विचारतात आणि लिहितात. या कारकुनीत काय ताकद असते ते महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वी पाहिले आहे.

शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. कोणत्या वर्तमानपत्राच्या पगारावर नव्हत्या, स्वतंत्रपणे लिहीत. तुरुंग खात्याची रीतसर परवानगी काढून मे १९८२ मध्ये त्या मुंबईच्या तुरुंगात गेल्या आणि आठवडाभरात पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारले, छळले, असे पाच जणींनी सांगितले. बारसेबाईंनी हे पत्रातून सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या ठेवा आणि त्यांवर महिला पोलीसच नेमा. स्त्रीची चौकशी महिला पोलिसांसमोरच करा. कोणालाही पकडले की कायदेविषयक मदत समितीला लगेच कळवा, नातेवाइकाला कळवा. आणि आरोपी पुढे आला की पोलिसांनी काही त्रास दिला का, हे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून विचारावे. आज हे सगळे साधे वाटते. त्याआधी असे विचारणे मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर होते.

या हकिकतीत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो आकडा. पंधरापैकी पाच. बारसेबाईंनी 'सगळ्या बायकांना मारतात' असे लिहिले नाही. पाच जणींनी सांगितले, पाचच लिहिले. त्या पत्राचे वजन त्यातच होते, असे आमचे मत आहे. हल्ली आपल्या मोबाइलवर कुठल्यातरी दुसऱ्याच देशातला जुना फोटो 'कालचा प्रकार' म्हणून फिरतो आणि आपण तो पुढे ढकलतो. एक खोटा फोटो दहा खऱ्या तक्रारींना बुडवतो. जुलूम करणाऱ्याला याहून मोठी मदत दुसरी नाही. (आमच्या घरातल्या ग्रुपवर हे सांगून आम्ही वाईट झालो आहोत, पण ते असो.)

बारसेबाईंचे पुढचे काम सोपे गेले नाही. टेप-रेकॉर्डर नको, टिपणे काढा, असे मध्येच सांगण्यात आले, आणि पुढे परवानगीच काढून घेतली. त्या पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कैद्याची तयारी असेल तर वाजवी नियम पाळून पत्रकाराने त्याची मुलाखत घ्यायला हरकत नाही, असे न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितले.

आपल्या घराघरांत ज्याची चर्चा झाली ते ११ जुलै २००६ चे लोकल बॉम्बस्फोट. संध्याकाळच्या गर्दीत सात स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. त्यात सर्व धर्मांचे चाकरमाने होते. तेरा जणांवर खटला चालला. त्यांतले वाहिद शेख हे मुंबईतले शाळामास्तर, आमच्याच पेशातले. नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, ते निर्दोष सुटले. कैदेत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. 'बेगुनाह कैदी' हे पुस्तकही त्यांनी लिहिले. आपण सुटलो, आता गप्प बसावे, असे त्यांनी केले नाही. उरलेल्या बारा जणांसाठी ते बोलत राहिले, लिहीत राहिले.

त्या बारांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तोवर एकोणीस वर्षे गेली होती आणि एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला होता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी सारखाच आहे, हे न्यायालयाने नोंदवले. छळाच्या तक्रारी तपासताना केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या वैद्यकीय पुराव्याचाही विचार झाला. त्या वेळी कोणा डॉक्टरने कागदावर टेकवलेल्या दोन ओळी इतक्या वर्षांनी उपयोगी पडल्या. पुढे राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, असे त्या न्यायालयाने म्हटले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. आणि ज्यांची माणसे लोकलमध्ये गेली ते आज कोणाकडे पाहणार? चुकीचा माणूस धरला की त्यांचाही हक्क मारला जातो. हे आपण सहसा बोलत नाही, बोलायला हवे.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर सरकारी आयोगाच्या अहवालाची वाट न पाहता उच्च न्यायालयाचे दोन निवृत्त न्यायाधीश, न्या. दाऊद आणि न्या. होस्बेट सुरेश, यांनी लोकांचे म्हणणे ऐकून १९९३ मध्येच ते प्रसिद्ध केले. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात ९०० मृत्यूंची नोंद आहे: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांचा धर्म समजला नाही, इतर ५. शिक्षा फार थोड्यांना झाली, हे खरे. पण 'असे काही घडलेच नाही' असे म्हणायची सोय आता कोणाला राहिलेली नाही.

तिकडे बोस्नियात स्रेब्रेनित्सा गावी जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. प्रेते लपवण्यासाठी पुरलेली उकरून दुसरीकडे नेली. त्यांच्या आयाबहिणींनी रक्ताचे नमुने दिले, हाडांशी ते जुळवले गेले, आणि अशी जवळजवळ सात हजार माणसे नावानिशी ओळखली गेली. दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षात ओळख पटलेल्यांचा दफनविधी होतो.

आता आपल्यापुरते. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधून गेलेल्या अशाच एका पत्रावरून डी. के. बसू खटला उभा राहिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करताना जागेवरच कागद करायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालायची, घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. तो कागद मागा. मिळाला नाही तर घरातल्या कोणीही, शाळेत जाणाऱ्या मुलीनेसुद्धा, वहीत लिहावे: तारीख, वार, वेळ, किती माणसे, गणवेश होता की नाही, गाडीचा नंबर, शेजारचे कोण पाहत होते. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी व्हायला हवी. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायला हवे, आणि मार बसला असेल तर तो तिथेच सांगायचा. घरी येऊन अम्मीला सांगून उपयोग नाही.

स्त्रिया, मुले आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जुन्नरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे. तिथल्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेले चालते. फक्त घटनेला एक वर्ष होऊन गेले असेल तर आयोग तक्रार घेत नाही. ते वर्ष मोजायला तारीख लागते.