फाईल बंद

दिवाळीला मुलगी बेंगळुरूहून निपाणीला आली की एका संध्याकाळी घरात सिनेमा ठरलेला. या वेळी तिनं 'बर्न आफ्टर रीडिंग' लावला. "हेरांचा आहे, पण विनोदी आहे," एवढंच सांगितलं. प्रेक्षक आम्ही चौघे: ती, मी, बायको आणि अण्णा. माझे वडील, पण गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांचे ते अण्णाच. वय ब्याऐंशी. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात जन्म गेला. इंग्रजी वाचता येतं, पण पडद्याखालच्या ओळी भराभर पळतात, म्हणून नात कानाशी बसून मराठीत सांगत होती.

गोष्ट ऐका. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातला एक माणूस चिडून नोकरी सोडतो आणि आठवणी लिहायला घेतो. त्याचा मजकूर असलेली सीडी चुकून एका व्यायामशाळेत राहते. तिथल्या दोघांना वाटतं, सरकारचं मोठं गुपित हाती लागलं. त्यातल्या बाईला शरीर नीटनेटकं करून घ्यायच्या शस्त्रक्रियांसाठी पैसे हवे आहेत. मग धमक्या, पाठलाग, थेट रशियाच्या वकिलातीत फेरी. सीडीत दम काहीच नाही, पण माणसं मरायला लागतात.

पहिला तासभर आमच्या घरात हसणं चालू होतं. मग तो कपाटाचा प्रसंग आला. ब्रॅड पिट दुसऱ्याच्या घरात कपड्यांच्या कपाटात लपलेला, दार उघडतं, तो ओशाळं हसतो आणि क्षणात गोळी. बायको उठून उभी राहिली. "हे काय? आत्ता तर हसत होतं की पोरगं! ह्यात विनोद कुठं आला?" म्हणाली आणि चकल्या तळायला गेली, ती परत आलीच नाही.

तिची तक्रार एकटीची नाही. २००८ साली हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्याच दिवशी दाखवला गेला. जोएल आणि ईथन कोएन या भावांना त्याच वर्षी आधीच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'साठी ऑस्कर मिळालं होतं, त्यामुळे अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. समीक्षकांत दोन तट पडले. काहींना तो धमाल वाटला, तर काही म्हणाले, सगळी पात्रं मूर्ख, जीव लावावा असं कुणी नाही, दिग्दर्शकच त्यांना वरून तुच्छतेनं बघतात. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर होता आणि जगभरात त्यानं १६ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. यातले किती जण तिथल्या कपाटाशी उठून चकल्या तळायला गेले, ते कमाईच्या आकड्यात दिसत नाही.

मला राहून राहून आपला 'जाने भी दो यारो' आठवत होता. तोही चोरून टेहळणी करणाऱ्यांचाच. विनोद आणि सुधीर हे दोन भाबडे फोटोग्राफर. 'खबरदार'ची संपादिका त्यांना बिल्डर तरनेजा आणि कमिशनर डिमेलो यांचे चोरून फोटो काढायला लावते आणि त्यांच्या कॅमेऱ्यात एक खून येतो. ती संपादिका म्हणजे आपली भक्ती बर्वे. सांगलीत जन्मलेली, पु. लं.ची 'ती फुलराणी'. आणि पु. ल. तर काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, तेव्हा आमच्या भागानं तिच्यावर थोडा हक्क सांगितला तर कुणी रागावू नये. 'फुलराणी'तल्या त्या गोड बाईनं इथं काय थंड डोळ्यांनी दगा दिलाय! तिची ही भूमिका मराठी माणसानं पुरेशी नावाजली नाही, असं माझं मत आहे.

कुंदन शाह यांचा हा पहिला सिनेमा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर, सात लाखांच्या आसपास खर्चात झालेला. १९८३ साली आला. आदल्याच वर्षी सिमेंट प्रकरणात बॅरिस्टर अंतुल्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं होतं, म्हणजे सिमेंट, पूल, बिल्डर हे शब्द लोकांच्या तोंडात होते. तरी थिएटरं भरली नाहीत. जाणकारांनी वाखाणला, पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण गर्दी जमली ती पुढं, टीव्हीवर. २०१२ मध्ये नवी प्रत करून तो पुन्हा थिएटरात लावला, तेव्हा तिकीट काढणाऱ्यांना अर्धेअधिक संवाद पाठ असणार.

मी तो पाहिला शेजारच्या वाड्यात, त्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर. खोलीत बसायला जागा नव्हती, दोघं-तिघं खिडकीत. डिमेलोचं प्रेत द्रौपदी होऊन रंगमंचावर आलं, तेव्हा आमची आजी आधी पुटपुटली, "मढ्याची आणि द्रौपदीची चेष्टा, पाप लागंल." पाचव्या मिनिटाला तिच पदर तोंडात कोंबून हसत होती. आणि शेवटी? पूल पडल्याचं पाप त्या दोन निरपराध पोरांच्या गळ्यात. कैद्याच्या कपड्यात ती आपल्याकडं बघतात आणि गळ्यावरनं हात फिरवतात. खोलीत कुणी बोलेना. एका पोरानं विचारलं, "संपला?" आजी म्हणाली, "संपला. ऊठ, घरला चल."

हे सगळं मी त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं आणि वर शेरा मारला, की आपला सिनेमा मोठा, कारण त्यात जीव लावायला ती दोन पोरं आहेत. अण्णांनी मध्येच तोडलं. "म्हणूनच मला त्यो दुसऱ्यांदा बघवला न्हाई. पोरं आशेवर असत्यात रं. ह्यात कुणालाच आशा न्हाई, म्हणून बरं वाटतंय."

सिनेमाच्या अखेरीस हेर खात्याचा मोठा साहेब आपल्या हाताखालच्याकडून सगळी हकीकत ऐकतो. कोण मेलं, कोण बेशुद्ध आहे, कुणी कशासाठी काय केलं, याचा त्याला पत्ता नाही. ती व्यायामशाळेतली बाई गप्प बसायला शस्त्रक्रियेचे पैसे मागते आहे, एवढंच कळतं. देऊन टाका म्हणतो, आणि प्रकरण मिटवतो. नातीनं हे सांगितलं आणि अण्णा असे हसले, असे हसले, की पाणी आणावं लागलं.

मला ते हसणं बरं वाटलं नाही. कारण मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माहीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा अण्णा शाळेत होते. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, अजून निकाल नाही. त्या मोठ्या वादात अण्णांनी आपल्यापुरतं एक छोटं काम धरलं. उतारे आणि नोटिसा मराठीतूनही मिळाव्यात, म्हणून वर्षानुवर्षं अर्ज केले. एका कचेरीतून उत्तरं यायची, ती कन्नडमध्ये. अण्णा कन्नड फाडफाड बोलतात, वाचता येत नाही. मग उत्तर घेऊन समोरच्या कन्नड मास्तरांकडं जायचे. मास्तर बिचारे वाचून दाखवायचे आणि आपलीच चूक असल्यासारखा चहा पाजायचे. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतरची पाकिटं अण्णांनी तशीच ट्रंकेत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक खाली काढायला लावली. मुलगी बेंगळुरात राहून कन्नड वाचायला शिकली आहे. तिनं एकेक पाकीट फोडलं. पहिल्यात होतं, आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवला आहे. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात संबंधित विभागानं तो पुन्हा याच कचेरीकडं पाठवल्याचं कळवलं होतं. चौथं पत्र दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचं, पाण्याच्या नळाबद्दलचं.

"त्याचा नळ अडकून बसला असंल की माझ्यामुळं," अण्णा म्हणाले आणि नातीकडं बघून त्या साहेबासारखा हात झटकला. तिला हसू आवरेना. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, कालच्यासारखंच विचारलं, "ह्यात हसायचं काय?" आणि पत्र हातात घेऊन तीही हसली.

नळाचं पाकीट अण्णांनी बाजूला काढलं. त्यावरचा पत्ता चार गल्ल्या पलीकडचा होता. बाकीची पत्रं तारखेप्रमाणं लावायला सांगितली, सुतळी मागितली, आणि मला म्हणाले, "चप्पल घाल. हे त्याचं त्याला नेऊन देऊ."