चिखलदरा : नावाच्या दरीत हरवलेला इतिहास

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले. पाठोपाठ अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावांवरून राजकारण तापत असताना विदर्भाचे नंदनवन म्हणविल्या जाणाऱ्या चिखलदऱ्याच्या नावाचा प्रश्न मात्र कुणी विचारात घेत नाही. तेथे कोणतीही मागणी नाही, मोर्चा नाही. परंतु नाव इतिहास कसा सांगते आणि कसा झाकते, याचे उत्तम उदाहरण याच गावात सापडते.

पर्यटकांना सांगितली जाणारी कथा महाभारतातील आहे. द्रौपदीवर वाईट नजर टाकणाऱ्या कीचकाला भीमाने मारून दरीत फेकले, म्हणून ती 'कीचकदरा' आणि त्याचा अपभ्रंश चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंड, तर जवळचे वैराट हे विराटाचे गाव. कथा देखणी आहे. पण विराटाचा मत्स्य देश अभ्यासक साधारणपणे राजस्थानातील बैराटच्या परिसरात मानतात. मूळ महाभारतात कीचकाचा वध नर्तनशाळेत होतो, दरीत नव्हे. पावसाळ्यात चिखलाने माखणारी दरी, हा साधा अर्थही नावातून सहज निघतो. मात्र त्याला कथेचे वलय नाही.

लिखित इतिहास शेजारच्या गाविलगडापासून सुरू होतो. गवळी राजांवरून नाव पडल्याचे सांगितल्या जाणाऱ्या या किल्ल्याची उभारणी पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने केली. पुढे तो इमादशाहीचे बलस्थान ठरला. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदरा 'शोधले' असे म्हटले जाते. इंग्रजांनी या पठारावर थंड हवेचे ठिकाण वसविले, कॉफीची लागवड केली आणि कागदोपत्री नाव 'चिकलदा' असे लिहिले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जेथे माणसे आधीपासून राहत होती, ते ठिकाण 'शोधले' कसे गेले? चिखलदरा आणि धारणी या मेळघाटातील दोन्ही तालुक्यांत कोरकू समाज मोठ्या संख्येने आहे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातील नसून मुंडा गटातील आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे! पांडव, सुलतान आणि साहेब यांच्या कथांत या माणसांना जागा मिळालेली नाही.

हा केवळ अभिमानाचा मुद्दा नाही. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. पुढे बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे जंगलाबाहेर हलविण्यात आली. वाघासाठी ते आवश्यक असेलही. पण गाव उठले की त्याबरोबर नाल्यांची, टेकड्यांची, देवस्थानांची नावेही उठतात. ती बहुधा कोणत्याही नकाशावर नसतात, जुन्या माणसांच्या तोंडी असतात.

म्हणून चिखलदऱ्याला नवे नाव देण्याची गरज नाही. गरज आहे ती असलेली नावे नोंदविण्याची. पर्यटनस्थळांच्या फलकांवर कीचकाच्या कथेशेजारी स्थळाचे कोरकू नाव आणि त्याचा अर्थ लिहिणे फारसे खर्चाचे नाही. नावे बदलण्यासाठी शासनाची अधिसूचना लागते. नावे विसरण्यासाठी मात्र एक पिढी पुरते.