रंग लागला, गाड्यांचं काय?

आमच्या धुळ्याचं स्टेशन म्हणजे रेल्वेच्या भाषेत 'टर्मिनस'. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचं सीएसएमटी येतं. आमचं तसं काही नाही हो! इथं रूळ संपतात, एवढ्याच अर्थानं टर्मिनस. चाळीसगावला मेन लाइनवरून फुटलेला ५६ किलोमीटरचा फाटा धुळ्यात येतो आणि थांबतो. पुढे रस्ता, घरं, माणसं. रेल्वे नाही.

२२ मे २०२५ रोजी 'अमृत भारत' योजनेत देशातल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात धुळेही होतं. स्टेशनचं रूप पालटलं, रंग लागला. चांगलं झालं, नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण आयुष्यभर शाळेत काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. शाळेची इमारत नवी दिसली की मी आधी हजेरीपट बघते. स्टेशनचा हजेरीपट म्हणजे वेळापत्रक. आणि धुळ्याचं वेळापत्रक एका नजरेत वाचून होतं, हीच तर माझी तक्रार आहे.

हा फाटा १९०० सालचा, म्हणजे सव्वाशे वर्षांचा. तेव्हा खानदेश जिल्हा अजून एकच होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. मेन लाइन मात्र चाळीसगाव-पाचोरा-जळगाव अशी आधीच निघून गेली होती. दुसरीकडून त्याच सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेरला आली. दोन्ही रेल्वेंच्या मधोमध धुळे! नरडाणा आमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत. पण रेल्वेनं जायचं म्हटलं तर आधी चाळीसगाव, मग जळगाव, मग अमळनेर आणि मग नरडाणा. याला आमच्या लहानपणी द्राविडी प्राणायाम म्हणत. सव्वाशे वर्षं आम्ही तो करतो आहोत. खरं तर करतही नाही, सरळ एसटीत बसतो.

जुन्या गाडीबद्दल लिहायला बसलं की सगळं गोड गोड आठवायला लागतं, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या फाट्याचा उल्लेख एका फार मोठ्या माणसाच्या लिखाणात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात आले होते. याच फाट्यावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परत येताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या टांगेवाल्यांनी त्यांना टांग्यात घ्यायला नकार दिला. मग तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्यानं द्यायचा पण हाकायचा त्यांच्याच समाजातल्या माणसानं. त्या माणसाला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हा भाग मी वर्गात सांगायचे तेव्हा सुरुवातीला मुलं खूश व्हायची, आपली धुळ्याची गाडी पुस्तकात आली म्हणून. पुढचं ऐकलं की वर्ग गप्प व्हायचा. तर जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही.

मी म्हणते ते उपयोगाबद्दल. माझी बरीच वर्षं याच फाट्यावरच्या एका गावात नोकरीत गेली. आमची सहा-सात शिक्षकांची टोळी होती, सगळे मासिक पासवर अपडाऊन करणारे. डब्यात दुधाच्या कॅनी, भाजीच्या पाट्या, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, बाळंतपणाला माहेरी चाललेली एखादी पोर. प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवलं की कुणीतरी विचारायचंच, "गाडी उनी का?" आणि गाडी धुळ्याला आली की इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून उलटं फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं. त्याला वेळ लागे. शाळेतून आलेली आम्ही मंडळी ते बघत उभी राहायचो. घरी स्वयंपाक वाट बघत असला तरी!

त्या काळी मुंबईला जाणाऱ्यांसाठी काही डबे धुळ्याहूनच निघत. चाळीसगावला ते मेन लाइनच्या गाडीला जोडले जात. पोरंबाळं, ट्रंका, लोणच्याच्या बरण्या घेऊन माणूस धुळ्याला एकदा चढला की थेट मुंबईलाच उतरायचा. मध्ये रात्री एक दणका बसे. तो बसला की समजायचं, जोडलं आपल्याला! शेवटच्या स्टेशनाचं सुख असतं ते हेच. गाडी रिकामी उभी असते, सावकाश चढता येतं, सामान नीट लावता येतं. दोन मिनिटांच्या थांब्यात गुडघे धरून चढणं काय असतं ते आमच्या वयाच्या माणसांना विचारा. पुढे रेल्वेनं देशभरच असे जोडडबे बंद करत आणले. त्यात गाड्यांचा वेळ जातो हे खरं. पण धुळ्यासारख्या गावाला त्या बदल्यात काय दिलं?

फाटा मरतो तो एका दिवसात मरत नाही. आधी वेळ बिघडते. चाळीसगावला आपली गाडी पोचते आणि मुंबईची गाडी दहा मिनिटांपूर्वी गेलेली असते. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा माणूस धुळ्याहूनच एसटी धरतो. आमच्याकडे रस्त्यांची ददात नाही. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन मोठे महामार्ग धुळ्यात भेटतात. पुण्याला शिकणारी पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातात. एसटीनं २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत केलं, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये गेली आणि पुढे वर्षानुवर्षं परत आली नाही. मग प्रवासी कमी झाले की साहेब लोक म्हणणार, बघा, मागणीच नाही!

आणि मोजतात कसं? धुळ्याचा माणूस मुलाच्या मोटरसायकलवर चाळीसगावला जातो आणि तिथून गाडीत बसतो. त्याचं तिकीट चाळीसगावच्या खात्यात. कुणी मनमाडहून बसतो, कुणी जळगावहून. म्हणजे माणूस धुळ्याचा, गिऱ्हाईक रेल्वेचं, पण धुळ्याच्या पाटीवर शून्य. गैरहजर मुलाला नापास करणं ठीक, पण शाळेचं दारच बंद ठेवून गैरहजेरी मांडायची हा कुठला न्याय?

ही आपल्याकडचीच रीत नाही. इंग्लंडात १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातले फाटे तोडा, असं त्याचं सार. २,३६३ स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती. पुष्कळशी झालीही. काही ठिकाणी फाटा राहिला पण आखडला. दोनाचा एक रूळ, चार प्लॅटफॉर्मचा एक. माझा एक जुना विद्यार्थी मँचेस्टरला असतो. त्यानं मला विंडरमिअर नावाच्या अशाच एका शेवटच्या स्टेशनाचे फोटो पाठवले. त्या रेल्वेला वर्ड्सवर्थनं १८४४ साली कडाडून विरोध केला होता (होय, शाळेत आपल्याला डॅफोडिल्स शिकवली तोच!). रेल्वे १८४७ मध्ये आलीच. आज तिथली जुनी स्टेशनइमारत म्हणजे एक मोठं किराणा दुकान आहे आणि शेजारी एक प्लॅटफॉर्म उरला आहे. बाहेरून सगळं कसं देखणं, फुलांच्या कुंड्या वगैरे. फोटो बघून मला आपलं रंगवलेलं स्टेशनच आठवलं. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे तिथं चूक दुरुस्तही होते. डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनची गाडी १९७२ मध्ये थांबली होती, ती नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा रोजची सुरू झाली. एकोणपन्नास वर्षांनी! रूळ उखडले नव्हते म्हणून जमलं.

आपल्याकडे जामनेरचं बघा. पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज, सगळ्या खानदेशाची लाडकी 'पीजे'. मार्च २०२० मध्ये कोरोनानं थांबली, ती त्या रूपात पुन्हा धावली नाही. ब्रॉडगेज करणार म्हणतात, व्हावी. पण नवीन येईपर्यंत जुनं चालू ठेवण्याची सोय कुणी पाहिली नाही. शेंदुर्णी-पहूरच्या माणसानं मधल्या काळात काय करायचं, हा प्रश्न फायलीत नसतो.

धुळ्याची गाडीही तेव्हाच थांबली होती. जवळजवळ एकवीस महिने. डिसेंबर २०२१ मध्ये मेमू सुरू झाली तेव्हा हायसं वाटलं. मग २०२३ मध्ये मुंबईची थेट गाडी आली. आधी आठवड्यातून तीन दिवस, नंतर रोज. सकाळी निघायचं, दुपारी मुंबई. मी ज्या ज्या वेळी तिनं गेले त्या त्या वेळी लवकर जाऊन जागा धरावी लागली. मागणी नाही म्हणणारे त्या दिवशी कुठे होते कोण जाणे!

आता खरी काळजीची गोष्ट. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यातच धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर मार्ग मंजूर केला. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. या मार्गाच्या गोष्टी ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. दर निवडणुकीत तो निघायचा आणि मतमोजणीनंतर पेटीत जायचा. आता खरंच होतो आहे तर आनंदच आहे. त्याच्या विरोधात मी नाही.

पण नकाशा उघडून बघा. नरडाण्याचा मार्ग फुटतो तो बोरविहीरपासून. बोरविहीर हे धुळ्याच्या अलीकडचं स्टेशन. चाळीसगावहून नरडाण्याकडे जाणारी गाडी तिथूनच वळणार. आपल्या जुन्या स्टेशनात यायचं तर तिला आत शिरून पुन्हा उलटं बाहेर पडावं लागेल. कुठला रेल्वेवाला ते करील? म्हणजे ज्या दिवशी धुळे मोठ्या नकाशावर येईल, त्याच दिवशी गावातलं हे स्टेशन फाट्याचाही फाटा होऊन बसेल. शेवटचे थोडे किलोमीटर आणि चार-दोन गाड्या. मग तोटा, मग मोक्याची जागा, मग कुणाच्या तरी डोक्यात दुकानांचा गाळा. स्टेशन रोडवर राहणाऱ्यांनी हा विचार आजच करायला हवा. गावाबाहेरच्या नव्या स्टेशनावर रात्री अकराला उतरल्यावर रिक्षावाला किती मागेल, याचाही करा.

आम्हा लोकांची एक सवय आहे. मोठी लाइन येणार, येणार म्हणून आम्ही हातातल्या लहान गाडीबद्दल तोंड उघडत नाही. इंदूर मागताना चाळीसगावची वेळ मागायची लाज वाटते की काय! गणित मांडून बघा. चाळीसगावला जायला सव्वा तास धरा. मेमूला इंजिन फिरवायची भानगड नाही, मोटरमन या टोकाचा त्या टोकाला गेला की झालं. त्याला पंधरा मिनिटं द्या. म्हणजे जाऊन येऊन तीन तास. पहाटे पाच ते रात्री अकरा हे अठरा तास. एकाच गाडीच्या सहा फेऱ्या होतात! रूळ एकच आहे म्हणून अडतं, हे उत्तर इथं चालायचं नाही, कारण गाडीही एकच आहे. साफसफाई, देखभाल, मालगाड्या यांसाठी एक फेरी सोडून द्या. तरी पाच उरतात. आणि त्या पाच अशा बसवायच्या की चाळीसगावला मुंबई, पुणे, नागपूरकडच्या गाड्या अर्ध्या तासाच्या आत मिळाव्यात. सातवीतली मुलगी हे सोडवील.

भुसावळ मंडळाकडे मी साध्या टपालानं अर्ज पाठवला आहे. अक्षर अजून बरं आहे, म्हणून हातानंच लिहिला. मागण्या दोन आहेत. चाळीसगावच्या मेमूची वेळ मेन लाइनच्या गाड्यांशी जुळवावी. आणि नरडाण्याचा मार्ग सुरू झाल्यावरही मुंबईची गाडी जुन्या धुळे स्टेशनातूनच सुटेल, हे लेखी द्यावं. पोच अजून आलेली नाही. पुढच्या महिन्यात आठवणपत्र टाकीन.