गाय उतरवली त्या दिवसाबद्दल

मा. महासंचालक,
जवाहर कला केंद्र, जयपूर यांस,


२१ नोव्हेंबर २०१५. ‘जयपूर आर्ट समिट’ सुरू होती आणि आपल्या केंद्रात फुग्याला बांधलेली एक गाय हवेत तरंगत होती. कलावंत सिद्धार्थ कररवाल. उकिरड्यावरचं प्लॅस्टिक खाऊन गायी मरतात, हे त्यांना दाखवायचं होतं. काही लोकांना तो गायीचा अपमान वाटला. पोलिसांनी ती खाली उतरवली आणि दोन कलावंतांना ठाण्यात नेलं. तेव्हाच्या मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांनी मागाहून खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी याच समिटमध्ये, रवींद्र मंचावर, अर्धनग्न स्त्रीच्या चित्रावरून पुन्हा गोंधळ झाला.

मी प्रदर्शनं आवडीनं बघणारा माणूस आहे. वादाचा पहिला अर्धा तास मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. दारावरचा रखवालदार, दोन-चार स्वयंसेवक आणि चित्रकार एवढेच तिथे असतात. समोर जमाव, आणि निर्णय कुणी घ्यायचा हेच ठरलेलं नसतं. मग जो मोठ्यानं ओरडेल त्याचं चालतं.

१९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात पोलिसांनी चित्रकार अकबर पदमसींना त्यांची दोन चित्रं उतरवायला सांगितली. पदमसींनी नकार दिला, अटक सोसली, खटला लढवला आणि ते निर्दोष सुटले. त्यांच्या धैर्याला माझा दंडवत. पण दर वेळी कलावंतानंच एकट्यानं उभं राहायचं, तर संस्था कशासाठी?

म्हणून विनंती अशी. वाद होऊ शकेल अशी कलाकृती निवडली, की त्याच दिवशी तिची फाइल उघडा. चित्रकाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत त्यात असू द्या, वकिलाचा लेखी सल्ला असू द्या. कलाकृतीशेजारी सोप्या हिंदीत चार ओळी लावा. त्या गायीखालून जाणाऱ्याला प्लॅस्टिकची गोष्ट तिथेच वाचता यायला हवी. उद्घाटनाआधी ठाणेदारांना बोलावून प्रदर्शन दाखवा. जमावाच्या धमकीपुढे हतबल असल्याचं सरकारला सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच एस. रंगराजन खटल्यात बजावलं आहे. त्या निकालाची प्रत ठाणेदारांच्या हाती द्या. दुखावलेला माणूस आला तर त्याला बसवून त्याचं ऐकून घ्या, तक्रार लिहून घ्या. त्याचं दुखणं खोटं असतंच असं नाही.

या तयारीचा एक गैरवापर मात्र होऊ शकतो, आणि त्याची मला खरी भीती आहे: ‘जोखीम’ म्हणत चित्रं निवडीतच गाळली जातील. गाळलेल्या चित्राची बातमीसुद्धा होत नाही. फाइल चित्र भिंतीवर टिकावं यासाठी असावी.

चार्ल्स कोरियांनी नवग्रहांचे नऊ चौक कल्पून आपली वास्तू उभारली. तिथे एक नियम लेखी करा आणि दारावर लावा: सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय इथली कोणतीही कलाकृती उतरवली जाणार नाही, आणि तो आदेश महासंचालक स्वतः स्वीकारतील.

पुढच्या प्रदर्शनाआधी एवढं कराच.

आपला,
पुण्याचा एक चित्ररसिक