घरचें आरोग्य : तोंडांतील गांठ आणि मनांतील भीति

तोंडांत गांठ आली असें कळतांच कर्करोगाची शंका मनांत येते, आणि ती ओठांवर येऊं नये म्हणून घरांतील सारेच गप्प बसतात. हें मौन फार महागांत पडतें; म्हणून या खेपेस आम्हीं हाच विषय घेतला आहे.

समजा, बदलापूरच्या एखाद्या एकत्र कुटुंबांतील सुनेच्या जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी गांठ आली. ती दुखत नाहीं, तिच्यांतून रक्त येत नाहीं. वर्षभरांत किंचित् वाढली, इतकेंच. सासूबाईंना कसें सांगावें, या संकोचांत ती दिवस काढते. पुढें कळलेंच, तर कोणी तुरटीच्या गुळण्या सुचवितो, कोणी हळद.

अशा गांठींपैकीं कांहीं थोड्या मज्जातंतूंच्या असतात. मज्जातंतूभोंवतालच्या वेष्टणाच्या पेशींस थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव आहे; त्यांपासून होणारी गांठ ती ‘श्वानोमा’. (संस्कृतांतील श्वानाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं!) तोंडांत ती क्वचितच होते, व झाली तर बहुधा जिभेवर. तिला स्वतःचें आवरण असतें. त्यासह ती सोलून काढिली कीं सहसा पुन्हां होत नाहीं. ‘न्यूरोफायब्रोमा’ ही दुसरी जात तंतूंतच मिसळलेली असल्यानें काढण्यास अवघड. अशा गांठी अनेक असून अंगावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे डाग असले, तर विकार आनुवंशिक असूं शकतो; मग घरांतील इतरांचीहि तपासणी करवून घ्यावी. तिसरी गांठ दांत काढल्यावर वा जखमेनंतर तुटलेल्या तंतूच्या टोकाशीं येते. ती दाबली कीं कळ निघते.

मग ओळखावें कसें? नुसत्या नजरेनें निष्णात डॉक्टरासहि निश्चित सांगतां येत नाहीं. गांठीचा तुकडा, किंवा लहान असल्यास सारी गांठच, काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी लागते. ‘तुकडा काढिला कीं रोग पसरतो’ हा समज निराधार आहे. मात्र जिभेवरील दाणेदार पेशींची एक निरुपद्रवी गांठ मोठी फसवी असते. तिच्यावरील आवरण कर्करोगासारखें दिसतें. तुकडा उथळ घेतला तर निदान चुकून नको ती मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची! म्हणून शंका असल्यास त्याच कांचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञास दाखविण्यांत संकोच नसावा.

परंतु हें वाचून कोणी निर्धास्त राहूं नये. या गांठी दुर्मिळ आहेत. तंबाखू व सुपारीनें होणारा कर्करोग आपल्याकडे कितीतरी अधिक. दोन आठवड्यांत न जाणारी गांठ वा व्रण दाखविलाच पाहिजे.

उल्हासनगरास सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. अंबरनाथ-बदलापुराहून मुंबईस जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर परळला १९४१ सालीं उघडलेलें टाटा रुग्णालय, आणि शेवटच्या स्थानकाजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत, शासकीय दंत महाविद्यालय आहे. घरची मंडळी कामावर त्याच गाडीनें रोज जातात. एके दिवशीं त्यांनीं सुनेसहि बरोबर न्यावें, एवढेंच आमचें मागणें.