घरचा हिशेब : फुकटच्या तिकिटाची हुंडणावळ

दूधवाल्याचा, वाण्याचा आणि इस्त्रीवाल्याचा हिशेब वहींत टिपून ठेवण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या कुटुंबांत आणखी एक धन सांचूं लागलें आहे, आणि त्याची नोंद मात्र कोणाच्याच वहींत सांपडत नाहीं. हें धन म्हणजे क्रेडिट कार्डाचे पॉइंट. किराणा, विजेचें बिल, मुलांची फी, औषधें, सणावारांचे कपडे, सगळा खर्च कार्डावर होतो आणि त्याच्या पाठोपाठ बँक कांहीं पॉइंट खात्यावर मांडीत जाते. मग एके दिवशीं घरांतला एखादा हुषार तरुण सांगतो कीं, हे पॉइंट विमानकंपनीकडे किंवा हॉटेलाकडे वळविले असतां प्रवास फुकट होतो. या ‘फुकट’ शब्दानें आमच्या घरांत एकदां बराच गोंधळ उडविला. वाचकांपैकीं अनेकांवर तसा प्रसंग येण्याचा संभव असल्यामुळें या महिन्याचें हें पान आम्हीं त्या विषयाला दिलें आहे.

आमच्या पुतणीचें पहिलें बाळंतपण टोरोंटोस व्हावयाचें होतें. दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत भरत होते, आणि आमच्या वहिनींनीं महिनाभर आधीं तेथें पोंचावें असें ठरलें होतें. त्यांचा धाकटा मुलगा आम्हांला म्हणाला, “काका, आईच्या तिकिटाला पैसे कशाला घालायचे? बाबांच्या कार्डावर दीड लाख पॉइंट पडून आहेत. आज रात्रीं विमानकंपनीकडे पाठवून देतों.” आम्हीं मान डोलाविली, कारण त्यांतलें आम्हांलाहि कांहीं कळत नव्हतें. रात्रीं पॉइंट गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांचे माइल्स झाले. तिसऱ्या दिवशीं पाहतों, तों फेब्रुवारी आणि मार्च या दोन्ही महिन्यांत माइल्सवर मिळणारी एकहि जागा शिल्लक नाहीं! पहिली जागा होती ती एप्रिलच्या अखेरीस. बँकेला विचारलें, तर गेलेले पॉइंट परत येत नाहींत असें उत्तर आलें. शेवटीं रोख पैशानें, आणि तेंहि चढलेल्या दरानें, तिकीट घ्यावें लागलें. वहिनी वेळेवर पोंचल्या ही देवाची कृपा. निघतांना त्या एवढेंच म्हणाल्या, “भावजी, पैसे गेले त्याचें कांहीं नाहीं. पण चार दिवस माझ्या जिवाला घोर लागला, तो कुणाच्या खातीं मांडायचा?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. चूक पुतण्याची होती तितकीच आमचीहि होती, आणि ती चूक केवळ क्रमाची होती. आधीं जागा पाहावी, मग पॉइंट पाठवावे. आम्हीं नेमकें उलट केलें. परंतु हा क्रम इतका महत्त्वाचा कां, हें समजण्यासाठीं या धनाचें मूळ पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंत १९७८ सालीं विमानाच्या भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला आणि विमानकंपन्यांची आपसांत चढाओढ लागली. गिऱ्हाइकानें आपल्यालाच धरून राहावें म्हणून अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ च्या मे महिन्यांत ‘ॲडव्हांटेज’ नांवाची योजना काढली. जितके मैल प्रवास तितके मैल खात्यावर, आणि पुरेसे जमले कीं एक तिकीट, असा तिचा साधा हिशेब होता. त्याच महिन्यांत युनायटेड एअरलाइन्सनें तिचा कित्ता गिरविला, आणि १९८३ सालीं मॅरियटनें हॉटेलांकरितां तशीच योजना सुरू केली. पुढें यांत कार्डें देणाऱ्या संस्था आणि बँका शिरल्या. त्यानंतर उडण्याचा आणि मैल जमण्याचा संबंध सुटला तो सुटलाच. आज घराचा उंबरठा न ओलांडतां डाळतांदूळ मागविणाऱ्या माणसाच्या नांवावरहि मैल चढतात.

हें सर्व औदार्य आहे अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. आपण पॉइंट पाठविले कीं बँक विमानकंपनीला त्याबद्दल पैसे मोजते. म्हणजे विमानकंपनीच्या दृष्टीनें माइल हा विकावयाचा माल आहे. हा व्यापार केवढा मोठा आहे याचा पुरावा २०२० सालीं जगाला मिळाला. साथीच्या त्या वर्षीं विमानें जमिनीवर उभीं असतांना युनायटेडनें आपली माइल्सची योजनाच तारण ठेवून कर्ज उभें केलें, आणि त्या वेळीं तिची किंमत सुमारें २,२०० कोटी डॉलर धरली होती. ज्या वस्तूवर सावकार कर्ज देतो ती वस्तु फुकट कशी म्हणावी? तिची किंमत दुकानदाराच्या भावांतून आणि कार्डाच्या वार्षिक फींतून आपणच थोडी थोडी भरलेली असते.

आतां पॉइंट वळविणें म्हणजे काय, तें पाहूं. आमच्या मतें जुन्या पेढीवरच्या हुंडीशीं त्याचें चांगलें साम्य आहे. एका पेढीवर पैसे भरावयाचे आणि दुसऱ्या गांवच्या पेढीवर ते उचलावयाचे. मध्यें हुंडणावळ जाते. कांहीं कार्डांवर एका पॉइंटाचा एक माइल मिळतो, कांहींवर दोन पॉइंटांचा एक, आणि क्वचित् एकाचे दोनहि मिळतात. रुपयाची हुंडणावळ १ शिलिंग ४ पेन्स असावी कीं ६ पेन्स, यावर १९२७ च्या सुमारास आपल्याकडे केवढें रण माजलें होतें तें जुन्या वाचकांना ऐकून ठाऊक असेल. त्या वेळीं निदान कायदेमंडळांत वाद तरी झाला. पॉइंटांची हुंडणावळ ठरवितांना मात्र आपल्याला कोणी विचारीत नाहीं. येथल्याच एका मोठ्या बँकेनें आपल्या एका नामांकित कार्डावर पांच पॉइंटांस चार माइल्स हें प्रमाण १ सप्टेंबर २०२३ पासून पांचांस दोन असें केलें. ज्यांनीं वर्षभर खर्च करून पुंजी जमविली होती त्यांची पुंजी एका तारखेला अर्धी झाली. साठविलेला पॉइंट हा कोठारांतल्या धान्यासारखा नाहीं, उन्हांत ठेवलेल्या बर्फासारखा आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

भाव कसा काढावा, हें एका उदाहरणानें सांगतों. समजा, एका प्रवासाचें रोख भाडें ४२,००० रुपये आहे. तोच प्रवास माइल्सवर करावयाचा तर २५,००० माइल्स आणि शिवाय कर व अधिभार मिळून १२,००० रुपये पडतात. फुकटच्या तिकिटालाहि कर चुकत नाहीं, आणि कांहीं कंपन्यांचा इंधन-अधिभार तर चांगलाच जड असतो. ४२,००० तून १२,००० वजा जातां ३०,००० राहिले. त्यांना २५,००० नें भागिलें कीं एका माइलाचे १ रुपया २० पैसे झाले. दोन पॉइंटांस एक माइल असेल तर एका पॉइंटाचे ६० पैसे. तोच पॉइंट बँक बिलांत २५ पैशांना वळता करून घेत असेल, तर विमानकंपनीकडे वळविणें उघड फायद्याचें आहे. मात्र यांत एक अट आहे. तें ४२,००० चें तिकीट आपण एरवीं पैसे देऊन खरोखर काढलें असतें काय? जर आपण २०,००० च्या साध्या तिकिटानेंच गेलों असतों, तर ४२,००० चा आंकडा धरून काढलेला भाव म्हणजे मनाची समजूत होय.

हॉटेलांचा हिशेब याहून निराळा आहे. ॲकॉरच्या योजनेंत २,००० पॉइंटांस ४० युरो असा बांधलेला भाव आहे. त्यांत लाभहि ठरलेला आणि फसगतहि नाहीं. मॅरियटनें २०२२ सालीं हॉटेलांच्या पॉइंटांचें ठराविक कोष्टक काढून टाकलें, तेव्हांपासून एकाच खोलीला गर्दीच्या दिवसांत अधिक आणि एरवीं कमी पॉइंट पडतात. तेथें पॉइंटांवर सलग पांच रात्री राहिल्यास एका रात्रीचे पॉइंट लागत नाहींत, ही सवलत कुटुंबानें जाणाऱ्यांस उपयोगी आहे. मात्र हॉटेलाकडे गेलेले पॉइंट पुढें विमानकंपनीकडे न्यावे म्हटलें तर तेथें बहुधा तिनांस एक असा भाव आहे. एका हुंडीवर दुसरी हुंडी काढली कीं मुद्दल कसें झिजतें, हें व्यवहारी माणसाला सांगावयास नको.

या धनाचें आयुष्यहि मर्यादित आहे. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेंत माइल तीन वर्षांत संपतो. ॲकॉरचे पॉइंट वर्षभर कांहीं व्यवहार न झाल्यास जातात. आणि योजना चालविणारी कंपनी तरी अमर थोडीच आहे? किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें बंद पडलीं, तेव्हां तिच्या माइल्सना कांहीं अर्थ उरला नाहीं. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं, पण तिची पॉइंटांची योजना निराळ्या कंपनीच्या हातीं असल्यामुळें ती नांव बदलून कांहीं काळ चालत राहिली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेंत घेण्यांत आले. तिघांचें नशीब तीन प्रकारचें झालें, आणि त्यांपैकीं एकहि प्रकार सभासदांच्या हातांत नव्हता.

याहून नाजूक गोष्ट वडील मंडळींच्या नांवावरील पॉइंटांची. आपल्या घरांत मोठें कार्ड बहुधा कर्त्या पुरुषाच्या नांवावर असतें आणि सर्वांच्या खर्चाचे पॉइंट त्याच्याच खात्यांत जमतात. घरची मिळकत सामाईक असली, तरी हें धन मात्र मिताक्षरेंतहि बसत नाहीं आणि दायभागांतहि नाहीं. माइल्स ही सभासदाची मालमत्ता नव्हे, असें पुष्कळ योजनांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलें असतें, आणि सभासद वारला असतां ते रद्द करण्याचा अधिकार कंपनी आपल्याकडे राखते. म्हणून वृद्धांच्या नांवावरील पुंजी त्यांच्या हयातींत, त्यांच्याच इच्छेनें, त्यांच्या काशीला किंवा रामेश्वरला लागावी हें उत्तम. पॉइंट पाठवितांना कार्डधारकाचें आणि विमानकंपनीच्या सभासदाचें नांव एकच असावें लागतें. एका अक्षराच्या फरकानेंहि काम अडतें. तिकीट मात्र सामान्यतः घरांतल्या दुसऱ्या माणसाच्या नांवानें काढतां येतें. त्यासाठीं कांहीं ठिकाणीं नांवें आधीं नोंदवावीं लागतात. क्रिसफ्लायरमध्यें अशीं पांच नांवें देतां येतात. ब्रिटिश एअरवेजच्या योजनेंत तर सात जणांचें मिळून कुटुंबखातें करतां येतें. एकत्र कुटुंबाची कल्पना साता समुद्रांपलीकडच्या कंपनीला पटावी, हें पाहून आम्हांला थोडी मौज वाटली.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पॉइंटांच्या मोहानें खर्च वाढला आणि बिल पुरतें फिटलें नाहीं, तर सारा हिशेब उलटतो. कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीं. लाख रुपये एक महिना थकले तर ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्क्यांनीं ६३० रुपये कर, मिळून ४,१३० रुपये गेले. त्याच लाखाच्या खरेदीवर, शंभरास दोन या दरानें, २,००० पॉइंट मिळाले. वर काढलेल्या ६० पैशांच्या भावानें त्यांचे १,२०० रुपये होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा ठरविली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला. तेव्हां या बाबतींत आपलें रक्षण आपणच करावयाचें आहे. ज्या घरांत बिल दर महिन्याला पूर्ण फेडलें जात नाहीं, त्या घरानें पॉइंटांचा विचारच करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

टोरोंटोच्या प्रसंगानंतर आमच्या घरच्या वहींत एक पान वाढलें. कोणाच्या नांवावर किती पॉइंट, किती माइल्स, आणि ते कोणत्या तारखेला संपतात, हें वहिनी दर पाडव्याला स्वतः लिहून घेतात. अडकून पडलेल्या त्या माइल्सची तारीख पानाच्या माथ्यावरच होती. या खेपेस पुतण्यानें दहा महिने आधीं जागा शोधली, दिवस नक्की केला, कराचे पैसे किती तें आईला सांगितलें, आणि मगच तिकीट काढलें. येत्या मार्गशीर्षांत पुतणी बाळाला घेऊन त्याच माइल्सवर घरीं येत आहे. बाळाचें निराळें भाडें रोख भरावें लागलें. वहिनींनीं तें त्याच पानावर लिहिलें आहे, आणि ‘फुकट’ हा शब्द तेथें कोठेंहि नाहीं.