न भरणाऱ्या जखमा आणि प्लॅस्टिक सर्जरी

'प्लॅस्टिक सर्जरी' हे शब्द उच्चारले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्रपटसृष्टीतले चेहरे उभे राहतात. नाक सरळ करणे, सुरकुत्या घालविणे, म्हणजे थोडक्यात पैसेवाल्यांचा एक शौक, अशी या शास्त्राविषयीची समजूत समाजात दृढ झालेली आहे. ती सर्वस्वी निराधार नसली तरी अत्यंत अपुरी आहे, आणि तिची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांचा त्या शौकाशी काडीचाही संबंध नसतो. नडगीचे हाड उघडे पडलेला मोटारसायकलस्वार, तळपायाच्या जखमेवर महिनोन् महिने पट्टी बांधून कचेरीत येणारा मधुमेही कारकून, अंथरुणाला खिळल्याने पाठीला शय्याव्रण झालेला वृद्ध, ही या शास्त्राची खरी गरज असलेली माणसे होत. प्लॅस्टिक सर्जनकडे आपले काही काम असू शकते, हे त्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मनातही येत नाही.

मुळात हे नावच फसवे ठरले आहे. 'प्लॅस्टिक' याचा मूळ ग्रीक अर्थ घडविणे, आकार देणे असा आहे. जर्मन शल्यविशारद फोन ग्रेफे याने १८१८ साली नाकाच्या पुनर्रचनेवरील आपल्या ग्रंथाला 'ऱ्हिनोप्लास्टिक' असे नाव दिले, तेव्हा आज बादल्या आणि पिशव्या ज्याच्या होतात तो पदार्थ जन्मालाही आलेला नव्हता. या शास्त्राची मुळे तर त्याहूनही जुनी आणि अगदी जवळची आहेत. गालाच्या त्वचेतून नाक घडविण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्राने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची वार्ता युरोपला दिली. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा, कावसजी या नावाने नोंदलेला एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा कपाळावर पसरून तेवढी त्वचा कापली, भुवयांमधला देठ तसाच राखला, आणि ती खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. हे वृत्त वाचून इंग्लंडमधील जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तीच शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या उगमाशी असलेला हा रुग्ण राजा नव्हता, सरदार नव्हता. तो बैलांमागे चालणारा श्रमिक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढचा इतिहासही याच दिशेने जातो. पहिल्या महायुद्धात ज्यांचे जबडे व गाल उडाले त्या सैनिकांसाठी हॅरोल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सिडकप येथे १९१७ पासून जे कार्य केले, त्यातून या शास्त्राला शिस्त आली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावले. तात्पर्य, सैनिक, मजूर आणि समाजाने बाहेर टाकलेले रोगी यांच्याच गरजेतून हे शास्त्र वाढले. सौंदर्यप्रसाधनाशी त्याचे नाते दुय्यम आहे.

जखम भरत का नाही, हा या विषयाचा गाभा होय. निरोगी शरीराला जखम भरण्याची कला उपजत अवगत असते. ती काही आठवड्यांत भरली नाही, तर त्यामागे कारण असते. त्या भागाला रक्त पोहोचत नसेल, आत मृत मांस किंवा सडलेले हाड राहिले असेल, जंतूंनी ठाण मांडले असेल, जखमेवर सतत दाब येत असेल, किंवा संवेदना नष्ट झाल्याने तो दाब रुग्णाला जाणवतच नसेल. दीर्घकाळ उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांतील नीलांच्या झडपा निकामी होतात, रक्त खाली साचते आणि घोट्याच्या आतल्या बाजूस व्रण होतो. शिक्षक, पोलीस, हॉटेलातील कामगार यांत हा प्रकार अपरिचित नाही. यांपैकी कोणते कारण आहे हे न शोधता रोज पट्टी बदलत राहणे म्हणजे नळ वाहता ठेवून जमीन पुसत बसण्यासारखे होय. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या व्रणाच्या कडेला क्वचित कर्करोगही उद्भवतो, ही गोष्ट वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

प्लॅस्टिक सर्जन अशा जखमेकडे पाहतो तेव्हा त्याचे पहिले काम झाकण्याचे नसून साफ करण्याचे असते. मृत भाग निर्दयपणे कापून टाकावा लागतो. रक्तपुरवठा तपासावा लागतो, आणि तो अपुरा असल्यास रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाची मदत घ्यावी लागते. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावरच आच्छादनाचा प्रश्न येतो. खाली जिवंत, लालसर मांस असेल तर मांडीवरची पातळ त्वचा काढून तेथे बसविता येते. हे त्वचारोपण होय. परंतु उघड्या हाडावर किंवा स्नायुबंधावर अशी त्वचा तग धरीत नाही, कारण तिला पोसायला तेथे काही नसते. तेथे स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन येणारा त्वचेचा अथवा स्नायूचा तुकडा, ज्याला 'फ्लॅप' म्हणतात, तो आणावा लागतो. पुण्याच्या कारागिराने कपाळावरचा देठ राखला होता तो याच कारणासाठी. १९७३ पासून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून शरीराच्या एका टोकाचा असा फ्लॅप दुसऱ्या टोकाला लावणे शक्य झाले. मात्र प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शक लागतोच असे नाही. पोटरीवरची त्वचा खाली वळवून टाच झाकण्याची जी पद्धत फ्रान्समधील मास्केले यांनी १९९२ साली मांडली, ती साध्या शस्त्रक्रियागृहातही कुशल हातांना साधते.

या सर्वांत काळाचे महत्त्व किती, हे स्लोव्हेनियातील मार्को गोडिना यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. सूक्ष्मशस्त्रक्रियेने फ्लॅप लावलेल्या ५३२ रुग्णांपैकी ज्यांची जखम पहिल्या ७२ तासांत झाकली गेली, त्यांच्यात फ्लॅप निकामी होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केव्हातरी झाकलेल्यांत ते १२ टक्के होते. जंतुसंसर्गाचे प्रमाण पहिल्या गटात १.५ टक्के, तर दुसऱ्यात १७.५ टक्के. आता ही गोष्ट आपल्याकडील परिस्थितीशी ताडून पाहावी. भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात ४ लाख ४३ हजारांहून अधिक माणसे जखमी झाली. नडगीच्या खालच्या तृतीयांशात हाडावर जेमतेम त्वचेचेच आवरण असते. तेथील उघडा अस्थिभंग तालुक्याच्या गावी तात्पुरता बांधला जातो, जिल्ह्याला सळई बसते, आणि जखमेचे 'पुढे पाहू' म्हणून आठवडे लोटतात. रुग्ण शहरातील मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा हाड काळे पडलेले असते, रजा संपलेली असते आणि घरातले दागिने गहाण पडलेले असतात. पाय कापण्याचा निर्णय शस्त्रक्रियागृहात होतो असे वाटते. वस्तुतः तो या वाटेवरच कधीतरी होऊन गेलेला असतो.

मधुमेहाची गोष्ट याहून व्यापक आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांच्या पायांचे काय होते हे समजण्यासाठी पुन्हा ब्रँड यांच्याकडे वळावे लागते. कुष्ठरोगाने मांस आपोआप झडते ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. रोगाने नष्ट होते ती वेदना. आणि वेदना नसल्याने रुग्ण तापलेले भांडे धरतो, खिळ्यावर चालतो, जखमी पायावर न लंगडता भार टाकतो. तळपायाचा व्रण त्यामुळे होतो, आणि दाब काढून घेतला तर तो भरतोही. हेच ज्ञान त्यांनी पुढे अमेरिकेत मधुमेहींच्या पायांना लावले. भारतातील कुष्ठरुग्णालयांत शिकलेला हा धडा भारतातील मधुमेही मात्र अद्याप पुरता शिकलेला नाही. दवाखान्यात रक्तातील साखर तपासली जाते, परंतु चप्पल काढून तळपाय पाहिला जात नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतच डॉक्टरांची वानवा आहे, तेथे अशा विशेषज्ञांची चर्चा म्हणजे चैन होय. आक्षेप गंभीर आहे आणि अंशतः खराही आहे. प्रत्येक जखमेला प्लॅस्टिक सर्जन लागत नाही. काही वेळा पाय कापणे हाच रुग्णाच्या हिताचा मार्ग असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु साधी आरोग्यसेवा आणि तज्ज्ञाची सेवा या परस्परविरोधी आहेत, हे मात्र मान्य करता येत नाही. गिलीज यांच्याकडे शिकलेले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अँटिया यांचे उदाहरण येथे बोलके आहे. कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या या निष्णात सर्जननेच पुढे अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग केला. हाताच्या कौशल्याची मर्यादा ज्याला कळते, त्यालाच रोग्यापर्यंत आधी पोहोचण्याचे महत्त्व कळते.

म्हणून मागणी भव्य इमारतींची नाही. महिनाभरात न भरलेली, किंवा हाड उघडे पडलेली जखम पुढे पाठवावी, असा नियम प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावता येईल. उघड्या अस्थिभंगाचा रुग्ण अस्थिशल्यविशारद व प्लॅस्टिक सर्जन या दोघांनी पहिल्या काही दिवसांतच एकत्र पाहावा, अशी पद्धत जिल्हा रुग्णालयांत घालता येईल; त्यासाठी तेथे प्लॅस्टिक सर्जनचे पद निर्माण करून ते भरावे लागेल. मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत पायांची तपासणी अनिवार्य करणे आणि बधिर पायांना मऊ रबरी तळाची पादत्राणे स्वस्तात पुरविणे, हे तर अत्यल्प खर्चाचे काम आहे. शाळेतील शिक्षक व कचेरीतील सहकारी यांनाही येथे कर्तव्य आहे: महिनोन् महिने पट्टी बांधून येणाऱ्या माणसाला हळद आणि चुना यांचे सल्ले न देता, जखम का भरत नाही हे विचारण्यास रुग्णालयात धाडणे.

श्रमिकाचा पाय वाचला की त्याची भाकरी वाचते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारागिराचे कसब एका गाडीवानापर्यंत पोहोचू शकले. आज ते कसब शतपटीने वाढलेले असताना गाडीवानाच्या वंशजापर्यंत ते पोहोचत नसेल, तर दोष शास्त्राचा नाही, व्यवस्थेचा आहे. आणि व्यवस्था सुधारणे हे समाजाच्या हाती आहे.